मज्जाव आणि मक्तेदारी

एखाद्या धंद्यात एकाच कंपनीचा अंमल चालावा, ती सांगेल ती किंमत निमूटपणे मोजावी लागावी, आणि गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाण्याची सोय उरू नये, ही तक्रार अर्थशास्त्राहूनही जुनी आहे. परंतु जो प्रश्न सोडविल्यावाचून या तक्रारीचा निकाल लागू शकत नाही तो प्रश्न, म्हणजे एवढा नफा उघड दिसत असताना दुसरा कोणी भांडवलवाला त्या धंद्यात उतरत का नाही हा, शास्त्रकारांनी स्वतंत्रपणे हाती घेतला तो विसाव्या शतकाचा मध्य आल्यावर. नफ्याच्या जागी नवे लोक येणारच, हे एकदा मान्य केले म्हणजे जेथे मक्तेदारी दीर्घकाळ टिकली तेथे कोणता ना कोणता मज्जाव असलाच पाहिजे, हेही ओघानेच आले. तो मज्जाव कोणी घातला, कशाच्या बळावर तो टिकला, आणि तो ओलांडण्याचा खर्च अखेर कोणाच्या माथी बसला, या तीन अंगांनी या विषयाचा आढावा घेण्याचा येथे विचार आहे.

जुन्या काळी असा शोध घेण्याचे कारणच पडत नसे, कारण मज्जाव कागदावर मोहरेनिशी लिहिलेला असे. १६०० च्या अखेरीस एलिझाबेथ राणीने ईस्ट इंडिया कंपनीला पूर्वेकडील व्यापाराची सनद दिली, आणि त्या सनदेचा जोर असा की हिंदुस्थानच्या व्यापारावरील कंपनीचा एकाधिकार १८१३ पर्यंत, आणि चीनच्या चहावरील १८३३ पर्यंत, पार्लमेंटने मोडीपर्यंत मोडला नाही. आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामलती मक्त्याने देण्याचा जो परिपाठ पडला, त्याचीही जात हीच: सर्वांत मोठी रक्कम कबूल करील त्याला वसुलीचा हक्क, आणि मुदतीत इतरांना मज्जाव. १६२४ साली इंग्लंडात कायदा होऊन नव्या शोधांखेरीज इतर बहुतेक मक्ते बेकायदा ठरले, १७७६ साली ॲडम स्मिथने सनदी कंपन्यांवर कोरडे ओढले, आणि तेव्हापासून सुशिक्षितांत अशी समजूत दृढ झाली की सरकारने सनदा देण्याचे बंद केले म्हणजे मक्तेदारीचे मूळच उपटले जाईल.

ही समजूत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानेच खोटी पाडली. १८७० साली स्थापन झालेल्या रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीजवळ कोणत्याही राजाची सनद नव्हती, तरी दहा-बारा वर्षांत अमेरिकेतील तेल शुद्ध करण्याचा जवळजवळ सारा धंदा तिच्या हाती आला. रेल्वे कंपन्यांकडून तिला भाड्यात गुप्त सूट मिळे, आणि प्रतिस्पर्ध्याला ती मिळत नसे, एवढ्यावरच कित्येकांचे कारखाने बसले. १९११ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिचे चौतीस तुकडे केले खरे, पण सनदेवाचून मक्तेदारी कशी उभी राहते याचे शास्त्र तोवर कोणी मांडले नव्हते.

ते मांडण्याचा मान अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जो बेन याच्याकडे जातो. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने अमेरिकेतील वीस उद्योग तपासून प्रवेशाला आड येणाऱ्या गोष्टींचे तीन वर्ग पाडले: जुन्या कंपनीला कच्चा माल, तंत्र किंवा भांडवल मुळातच स्वस्त पडणे, गिऱ्हाइकांच्या मनात तिच्या मालाविषयी रुजलेली पसंती, आणि मोठ्या प्रमाणावर माल काढला तरच खर्च परवडण्याची त्या उद्योगाची प्रकृती. हे वर्गीकरण आजही पाठ्यपुस्तकांत चालते. परंतु शिकागोच्या जॉर्ज स्टिग्लरने त्यावर जो आक्षेप घेतला तो मला अधिक मूलगामी वाटतो. त्याचे म्हणणे असे की, जुन्या कंपनीलाही जो खर्च एकेकाळी सोसावा लागला तो मज्जाव नव्हेच. जो खर्च केवळ नव्याच्याच वाट्याला येतो आणि जुन्याला कधी आलाच नाही, तोच खरा मज्जाव. पोलादाची भट्टी उभारायला अफाट पैसा लागतो म्हणून पोलादात मक्तेदारी होते, असे जे सरसकट बोलले जाते, ते या कसोटीवर टिकत नाही. मात्र या कसोटीची मर्यादा अशी की ती काळाकडे डोळेझाक करते. जुन्याने भट्टी बांधली तेव्हा मैदान मोकळे होते. नव्याने ती बांधावी तर समोर प्रतिपक्षी दबा धरून बसलेला असतो, आणि एकदा त्या जागी गाडलेला पैसा परत उपटता येत नाही. एकच रक्कम, परंतु तिचा धोका दोघांना सारखा नव्हे.

निसर्गाने किंवा प्रमाणाने घातलेल्या मज्जावाची उदाहरणे नेहमी दिली जातात त्यांपैकी दोनच येथे पाहू. हिऱ्यांच्या धंद्यात १८८८ साली सेसिल ऱ्होड्सने दक्षिण आफ्रिकेतील खाणी डी बीअर्स कंपनीखाली एकत्र केल्या, आणि पुढे जवळजवळ शतकभर जगातील कच्च्या हिऱ्यांची विक्री एकाच गल्ल्यातून चालली. खाणी निसर्गाच्या, हे खरे. पण नव्या खाणी इतरत्र सापडत गेल्या तरी मक्तेदारी मोडली नाही, कारण त्या खाणींचा मालही करारांनी त्याच गल्ल्यात आणला जात होता, आणि ऑस्ट्रेलियातील आर्गाइल खाणीने १९९६ साली तो करार सोडला तेव्हा खडकाचे स्वरूप पालटले नव्हते, पालटला होता तो कागद. दुसरे उदाहरण ॲल्युमिनियमचे. अमेरिकेतील अल्कोआ कंपनीची मूळ पेटंटे १९०९ पर्यंत संपली, तरी तिचा जोर कमी झाला नाही. १९४५ च्या सुप्रसिद्ध निकालपत्रात न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी नेमके ज्यावर बोट ठेवले ती गोष्ट अशी की मागणी वाढण्याचा सुगावा लागताच, दुसरा कोणी पाय टाकण्यापूर्वी, ही कंपनी आपली उत्पादनशक्ती वाढवून ठेवीत आली होती. या डावाला गणिती रूप देणारा १९८० सालचा निबंध अविनाश दीक्षित यांचा. मुंबईत जन्मलेल्या आणि तेथील सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेल्या या अर्थशास्त्रज्ञाने दाखविले की आज गरज नसलेली यंत्रे बसविणे हा उधळेपणा नसून एक प्रकारची धमकी असू शकते, आणि ती धमकी विश्वासार्ह ठरते ती यंत्रांचा पैसा परत मिळण्यासारखा नसतो म्हणूनच.

येथवर जे सांगितले त्यात मज्जाव घालणारी कंपनीच आहे. परंतु या विषयाचे सर्वांत उद्‌बोधक प्रकरण मला आपल्याच समुद्रावर सापडते, आणि त्यात पहाऱ्याला बसविले होते ते खुद्द गिऱ्हाइकाला.

१८७५ साली कलकत्त्याच्या मार्गावरील इंग्रज जहाज कंपन्यांनी आपसांत दर ठरविण्यासाठी एक संघ केला, आणि दोनेक वर्षांतच तहकूब सुटीची पद्धत निघाली. वरवर पाहता ती सवलतच होती. व्यापाऱ्याने नूर, म्हणजे जहाजाचे भाडे, पुरा भरावा; त्यातील दहावा हिस्सा कंपनीच्या वहीत त्याच्या नावे जमा राहावा; आणि सहा महिन्यांची मुदत संपल्यावर आणखी सहा महिने त्याने संघाबाहेरील एकाही जहाजात एकही गठ्ठा चढविला नाही, तर ती रक्कम त्याला परत मिळावी. आता मांडवीच्या एखाद्या सूतव्यापाऱ्याचा हिशेब धरू. तो महिन्याला हजार रुपये नूर भरतो असे समजा. जानेवारी ते जूनपर्यंतचे त्याचे सहाशे रुपये डिसेंबरअखेर मिळायचे आहेत, आणि तोवर जुलै ते डिसेंबरपर्यंतचे आणखी सहाशे साचलेले आहेत. नोव्हेंबरात नवी देशी कंपनी त्याच्याकडे आली आणि तिने एका खेपेला चांगला स्वस्त दर सांगितला, तर त्या एका खेपेपायी त्याचे हजार-अकराशे रुपये बुडतात. आणि नव्या कंपनीपाशी दोनच जहाजे असल्याने वर्षभराचा सगळा माल तिच्याकडे वळविण्याचीही सोय नसते. तेव्हा नव्या कंपनीने फुकट नेतो म्हटले तरी तो शहाणा व्यापारी नको म्हणणार, आणि तसे म्हणताना त्याच्यावर कोणाची जबरदस्ती झाली असे कोणत्याही न्यायासनाला सिद्ध करता येणार नाही. स्वतःच्याच पैशाने तो जखडला गेलेला असतो.

या पद्धतीशी जमशेटजी टाटांनी १८९३ मध्ये टक्कर घेतली. मुंबईचे सूत चीनला आणि कापूस जपानला नेणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीचे दर अवाच्या सवा वाटून त्यांनी जपानच्या निप्पॉन यूसेन काइशा कंपनीशी हातमिळवणी केली व टाटा लाइन काढली, उलट पी. अँड ओ.ने टनाचा दर उतरवीत दीड रुपयापर्यंत आणला, आणि टाटांच्या जहाजांना माल न देण्याची हमी देणाऱ्यांना सुटी देऊ केल्या. थोड्याच काळात टाटा लाइन गुंडाळावी लागली. जपानी कंपनी मात्र तगली, आणि तिच्या तगण्याचे कारण या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे: जपानमधील सूतगिरण्यांच्या संघाने आपला कापूस तिच्याच जहाजांतून आणण्याचा करार आधीच केलेला होता. मुंबईच्या गिरणीवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी टाटांना असा करार करून दिला नाही. स्वदेशीचा अभिमान होता, पण सुटीची रक्कम वहीत अडकलेली होती.

तुतिकोरिनहून कोलंबोला जाणाऱ्या मार्गावर व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ साली स्वदेशी जहाज कंपनी काढली तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडे इतके पाडले की शेवटी फुकट प्रवास आणि वर छत्री देऊ केल्याचे सांगतात. १९०८ मध्ये पिळ्ळै तुरुंगात गेले आणि कंपनी बुडाली. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी काढलेल्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून विलायतेला निघाली, आणि त्यांच्याही वाट्याला हेच आले. रंगूनहून मुंबईला येणाऱ्या तांदळाचा दर टनामागे अठरा रुपयांवरून सहा रुपयांवर उतरला. सिंदिया बुडाली नाही, कारण तिच्यामागे मुंबईचे भांडवल बऱ्यापैकी खोल होते. पण १९२३ साली ब्रिटिश इंडिया कंपनीचे सूत्रधार लॉर्ड इंचकेप यांच्याशी तिने जो दहा वर्षांचा करार केला, त्यान्वये आपल्या जहाजांची मर्यादा पंचाहत्तर हजार टन तिने कबूल केली आणि ती संघात सामील झाली. या कराराची कैफियत आपल्याकडे बहुधा नामुष्कीची किंवा मुत्सद्देगिरीची म्हणून लिहिली जाते. आपल्या प्रश्नापुरते एवढेच खरे की जी कंपनी कालपर्यंत मज्जावाविरुद्ध भांडत होती, तिला त्या दिवसापासून त्याच मज्जावाचा लाभ होऊ लागला. आणि स्वातंत्र्यानंतर किनाऱ्यावरील वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवण्यात आली तेव्हा तर तिला सरकारी कुंपणही मिळाले.

कायद्याने या सगळ्याकडे कसे पाहिले? चीनमधील हँकौच्या चहाच्या मार्गावर याच पद्धतीने हाकलली गेलेली मोगल स्टीमशिप कंपनी विलायतेत न्यायालयात गेली, आणि १८९१ च्या अखेरीस हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की आपला धंदा राखण्यासाठी कोणी दर उतरविले व सुटी दिल्या तर तो अपराध नव्हे. पुढे नेमलेल्या रॉयल कमिशनमधील बहुमतानेही १९०९ साली तहकूब सुटीची बाजू उचलून धरली. तिच्यामुळे जहाजे नियमित सुटतात, हे कारण. कारण अगदीच लटके नव्हते. पण नियमितपणाची किंमत कोण भरतो, याचा विचार त्या कमिशनने मुंबईच्या गोदीत उभे राहून केला असता तर अहवाल थोडा निराळा उतरला असता, असे मला वाटते.

स्वातंत्र्यानंतर आपण या रोगावर जो उपाय केला त्याने रोगाची एक नवी तऱ्हा निर्माण केली. १९५१ च्या उद्योग अधिनियमाने मोठा कारखाना काढायला किंवा वाढवायला परवाना लागू झाला. हेतू असा की भांडवल मूठभरांच्या हाती साचू नये. मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ आर. के. हजारी यांनी १९६७ च्या आपल्या अहवालात दाखवून दिले की झाले ते उलटेच: मोठी घराणी एकाच मालासाठी अनेक नावांनी अर्ज करून मंजूर व्हावयाची उत्पादनशक्ती आधीच अडवून ठेवीत, मग कारखाना निघो वा न निघो. अल्कोआला जे यंत्रे बसवून साधावे लागले ते येथे अर्जाच्या कागदावर साधले. त्यावर १९६९ चा मक्तेदारी अधिनियम आला, आणि त्याने मोठ्यांच्या वाढीला आणखी एका परवानगीचा अडसर घातला. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे, काही तर दहा-दहा वर्षे, वाट पाहत असत, हे मध्यमवर्गीय महाराष्ट्राच्या आठवणीतले आहे; पण ही टंचाई कारखानदाराला हवीच होती असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण उत्पादन वाढविण्यासाठी परवानगी मागणारा तोही सचिवालयाच्या दारात तिष्ठत होता. नव्याला मज्जाव, जुन्यालाही मज्जाव, आणि गिऱ्हाईक रांगेत, अशी ही तिहेरी व्यवस्था २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने अठरा उद्योगांपुरती शिल्लक ठेवून बाकीच्यांतून उठविली.

पेटंटांविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथे मज्जाव उघड आणि मुदतीचा आहे, आणि वाद त्याच्या मापापुरताच. १९७० च्या अधिनियमाने औषधाला नव्हे तर ते बनविण्याच्या कृतीला पेटंट देण्याचे ठरले व देशी औषधकारखानदारी उभी राहिली. २००५ पासून औषधावरच पेटंट मिळू लागले. २०१२ साली मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील एका औषधासाठी सक्तीचा परवाना देण्यात आला, तेव्हा महिन्याला सुमारे दोन लाख ऐंशी हजार रुपयांना पडणारे औषध नऊ हजारांच्या आत आले. या दोन आकड्यांमधील अंतर हे केवळ मज्जावाचे मूल्य नव्हे, त्यात संशोधनाचा खर्चही आहे. पण सगळे अंतर संशोधनाचे आहे असे म्हणायला कोणी धजेल असे वाटत नाही.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला १९८२ साली बॉमल, पँझर आणि विलिग यांनी मांडलेला सिद्धांत आहे. बाजारात एकच कंपनी असली तरी हरकत नाही, आत येणे व बाहेर जाणे बिनखर्चाचे असले म्हणजे नव्याच्या नुसत्या धाकाने ती सरळ वागते, असे ते म्हणतात, आणि विमान एका मार्गावरून काढून दुसऱ्यावर घालता येते म्हणून विमानवाहतुकीचा दाखला देतात. विमान हलते हे खरे, पण विमानतळावरील उड्डाणाची वेळ हलत नाही, आणि चांगल्या वेळा जुन्यांच्या पदरी असतात.

नव्या युगातील दूरध्वनी आणि संगणकाच्या धंद्यांत गिऱ्हाइकालाच पहारेकरी करण्याची जुनी युक्ती नव्या वेषात आली. मोबाइल कंपनी बदलायची तर नंबर सोडावा लागे, आणि जो नंबर दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर आणि बँकेच्या खात्यावर आहे तो सोडण्याची किंमत कोणत्याही स्वस्त दरापेक्षा जास्त होती; २० जानेवारी २०११ पासून नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची मुभा देशभर मिळाली आणि तहकूब सुटीचा हा अवतार एका आदेशाने बराचसा निष्प्रभ झाला. कंपनी फोडली नाही, कोणाला परवाना दिला नाही. फक्त गिऱ्हाइकाची गाठ सोडली. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला तोही, फोन विकत घेताच त्यात आधीच भरलेल्या सोयींपायी गिऱ्हाईक दुसरीकडे पाहीनासे होते, याच तक्रारीवरून.

आता महाराष्ट्रातला सर्वांत निकटचा प्रश्न घेऊ, आणि तो विक्रीच्या नव्हे, खरेदीच्या मक्तेदारीचा आहे. खाजगी कारखान्यांच्या दरापुढे लाचार झालेल्या शेतकऱ्यांना घेऊन विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांच्या साहाय्याने प्रवरेचा सहकारी कारखाना उभारला, आणि १९५० च्या अखेरीस तेथे गाळप सुरू झाले. मज्जाव मोडून आत शिरणे म्हणजे काय याचा तो आदर्श होता. पण तोडलेल्या उसातील साखर तासागणिक घटते, म्हणून ऊस फार दूर नेता येत नाही, आणि जवळ कारखाना एकच असला तर काटा त्याचा, उतारा तो सांगेल तो, आणि तोडीची पाळी त्याच्या चिटबॉयच्या हाती. त्यातच सोसायटीचे कर्ज ऊसबिलातून वळते होणार, उरलेला हप्ता दिवाळीला मिळणार, सभासदाची सवलतीची साखर तेव्हाच. मांडवीच्या त्या सूतव्यापाऱ्याला हे सारे ओळखीचे वाटले असते. १९८४ च्या आदेशाने या स्थितीला झोनबंदीचे कायदेशीर रूप मिळाले, आणि ती पुढे उठली. दोन कारखान्यांमधील हवाई अंतराची अट मात्र केंद्राने पंधरा किलोमीटर केली, आणि महाराष्ट्राने ती पंचवीसवर नेली.

या अटीचे समर्थन बेनच्या तिसऱ्या वर्गाचे आहे: पुरेसा ऊस न मिळाला तर कारखाना तोट्यात जाईल, कर्ज बुडेल. समर्थन खोटे नाही, पण ते मोजून पाहावे. रोज अडीच हजार टन गाळणारा कारखाना एकशे साठ दिवस चालला तर त्याला चार लाख टन ऊस लागतो. हेक्टरी ऐंशी टन धरले तर पाच हजार हेक्टर. पंचवीस किलोमीटरच्या अटीने प्रत्येक कारखान्याच्या वाट्याला साडेबारा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ येते, म्हणजे सुमारे एकोणपन्नास हजार हेक्टर. ज्या तालुक्यांत दहाव्या हिश्शाइतकाही ऊस नाही तेथे ही अट गैरवाजवी म्हणता येणार नाही. कोल्हापूर-सांगलीच्या नदीकाठी मात्र तिला गाळपाच्या गरजेचे कारण पुरत नाही. शिवाय अट आहे ती नव्या कारखान्याला. जुन्याने आपली क्षमता अडीच हजारांवरून पाच किंवा दहा हजारांवर नेली तर अंतर कोणी मोजत नाही, आणि वर्तुळातला सगळा ऊस मग गरजेचाच ठरतो. २०१२ साली रंगराजन समितीने क्षेत्र-आरक्षण आणि अंतर या दोन्ही अटी काढाव्या अशी शिफारस केली. केंद्राने पुढच्या वर्षी तो निर्णय राज्यांवर सोपविला. महाराष्ट्रात झोनबंदी आधीच गेलेली होती, अंतर तसेच राहिले. म्हणजे आपला ऊस कोणत्याही कारखान्याला घालण्याची मोकळीक शेतकऱ्याला मिळाली, आणि घालण्याजोगा दुसरा कारखाना जवळ निघण्याची मिळाली नाही.